नऊ नंबरची नोंद

"आणि चैतालीला मुलंबाळं?" असं प्रेमलाताईंनी विचारलं, आणि मी "एक. मुलगी," असं म्हणून गेले. कोथरूड स्टँडवर, सकाळी सव्वानऊला, भर उन्हात, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा लावून. मोतीबिंदू काढून आठ दिवस घरात बसले होते, स्कूटर चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून मी बसला आले होते; नाहीतर ह्या भेटल्याच नसत्या. प्रेमलाताई आमच्या जुन्या सोसायटीत समोरच्या दारात राहायच्या. मुलानं धायरीला फ्लॅट घेतला तशा तिकडे गेल्या, त्यालाही आता दहा-बारा वर्षं झाली. तेव्हापासून वर्ष-दोन वर्षांनी कुठेतरी रस्त्यात गाठ पडते, आणि त्या पहिला प्रश्न हाच विचारतात, की चैताली कशी आहे? आणि मी म्हणते, मजेत आहे, बंगळुरूलाच. हे उत्तर मी त्यांना तीनदा दिलंय. ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना दिलंय, बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीला दिलंय, चैतालीच्या शाळेतल्या एका बाईंना तर भाजी घेता घेता दिलंय. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना रस्त्यात उभं राहून काय सांगायचं? की माझी मुलगी सहा वर्षांपूर्वी सप्टेंबरात बंगळुरूला डेंग्यूनं गेली, एकोणतीस वर्षांची होती, ताप आल्यापासून पाचव्या दिवशी गेली? मग त्या अगंबाई म्हणणार, माझा हात धरणार, डोळ्यांत पाणी आणणार, आणि मीच त्यांना पाणी प्यायला देऊन बसमध्ये बसवून देणार. त्यापेक्षा ती बंगळुरूलाच असलेली बरी. मला ते खोटंही वाटत नसे. जिथे होती तिथेच मी तिला ठेवलं होतं, इतकंच. पण त्या सकाळी तिला मूल झालं. माझ्या तोंडून झालं, आणि तोंडातून गेलेला शब्द काही परत येत नाही. "अय्या, हो? नाव काय ठेवलं?" प्रेमलाताईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात माझी बस आली. "पुढच्या वेळी सांगते," मी म्हटलं. "पुढची वेळ कशाला, मी गुरुवारी येतेय ना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे! याच वेळी इथे थांबा. नातीसाठी काहीतरी आणते, नाही म्हणायचं नाही हं!"

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. खोटं बोलल्याचं मला एवढं काही वाटत नाही, पुण्यात जन्म काढलाय, समोरच्याला वाटेला लावण्यापुरतं बोलता येतं. पण मूल! चैतालीला मूल नव्हतं. दोघांचं ठरत नव्हतं, मग ठरलं, मग ती गेली. जावयानं तीन वर्षांनी दुसरं लग्न केलं, मला फोन करून विचारलं होतं आधी, बिचाऱ्यानं. मी म्हटलं, कर बाबा. त्याला मुलगा झाल्याचाही फोन आला. म्हणजे सगळ्यांचं पुढे चाललं. माझ्याकडून जी एक ओळ निघाली होती ती मात्र तिथे संपली, खाली लिहायला काही नाही. आणि मी त्या ओळीखाली एक रेघ ओढून टाकली. घाबरले ती त्यासाठी. कारण हे मी पहिल्यांदा केलेलं नव्हतं. याआधीही माझ्या हातून एक मेलेलं जिवंत राहिलं होतं, आणि त्यालाही पोरं झाली होती. साठ.

माझं काम सांगितलं तर लोक हसतात. बावधनकडे एका जुन्या बंगल्यात आमचं केंद्र आहे, आणि त्या केंद्रात न्यूट आहेत. न्यूट म्हणजे दिसायला पाल, जात बेडकाची, राहायला पाण्यात. काळपट अंग, पोटावर नारिंगी ठिपके, आणि चालणं असं की जणू काही निवृत्तीनंतर फिरायला निघालेत. हिमालयाच्या बाजूला कुठल्याशा डोंगरात यांचं एक तळं होतं. ते हॉटेलसाठी बुजवायला घेतलं तेव्हा आमच्या संस्थापकांनी तिथून चौदा जीव उचलून आणले, त्याला अठरा वर्षं झाली. त्या तळ्यावर आता गाड्या उभ्या राहतात. म्हणजे त्या तळ्याचं जे काही उरलंय ते आमच्या एका खोलीत, एसी अठरावर लावून, काचेच्या पेट्यांमध्ये. एक ना एक दिवस त्यांना परत डोंगरात सोडायचं, तोवर टिकवायचं. टिकवायचं म्हणजे नुसतं जगवायचं नाही. चौदाच घरं, त्यांतच लग्नं लावायची. जवळच्या नात्यात लावली तर दोन-तीन पिढ्यांत वंश खंगतो. म्हणून प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची वही, आईबाप कोण, भावंडं कोण, जन्म कधी, मृत्यू कधी. ती वही माझी. मी आधी सदाशिव पेठेत एका वधूवर मंडळात होते. अकरा वर्षं स्थळांची कार्डं लिहिली, गोत्र, नाडी, उंची, अपेक्षा. संस्थापकांनी आपल्या पुतणीचं स्थळ माझ्याकडे नोंदवलं होतं, माझं अक्षर आणि माझी स्मरणशक्ती त्यांना आवडली. "तेच काम आहे," ते म्हणाले, "फक्त स्थळं जरा ओली." शिवाय ही स्थळं पगार विचारत नाहीत आणि यांच्या आया फोन करत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी हजर झाले.

इथे गोत्राऐवजी आकडा असतो. कॉम्प्युटर वहीवरून सांगतो, की हिचं बाकीच्यांशी नातं किती. ज्याचं नातेवाईक-मंडळ लहान, त्याचं मोल मोठं. चार नंबरच्या मादीला भरमसाट पोरं, म्हणजे तिच्या पोरांना कोणी विचारायचं नाही. आणि नऊ नंबरची मादी, ती आमची राणी. अंगानं बारीक, खाण्यात नखरे, अंडी घालायची तीही मोजकी, त्यातली बुरशीनं जायची. सगळ्या आयुष्यात तिची दोनच पोरं जगली, चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस, एक नर एक मादी. तिच्यातलं जे होतं ते जगात आणखी कुठेही नव्हतं, ती गेली तर ते गेलं. ओळख पटवायची ती पोटावरून. दरवर्षी एकेकाला काचेच्या डबीत अलगद दाबून पोटाचा फोटो काढायचा आणि वहीत चिकटवायचा. ठिपक्यांची नक्षी एकाची दुसऱ्यासारखी नसते. हे फोटो मी काढायचे, मीच चिकटवायचे. माझ्याशिवाय त्या खोलीत कोणाला पोटं पाठ नव्हती.

त्या सप्टेंबरात मी बंगळुरूहून परतले, तेरा दिवस केले, आणि चौदाव्या दिवशी कामावर गेले. घरात बसून काय करणार होते? चैतालीचे वडील तर ती शाळेत असतानाच गेलेले. त्या दिवसांत मी इतक्या कागदांवर तिचं नाव लिहिलं होतं. हॉस्पिटलचा फॉर्म, दाखल्याचा फॉर्म, तिच्या ऑफिसचा फॉर्म, मृताचे संपूर्ण नाव, मृताशी नाते. अक्षर चांगलं म्हणून जावई माझ्याकडेच सरकवायचा. खोलीत शिरले तर तुळजाबाई फडकं हातात धरून उभी. ती धायरीची, आमच्याकडे झाडलोट करते, पेट्या धुते. म्हणाली, "बाई, ती नऊ नंबरची हालत न्हाई. काल सांजच्यापास्नं." नऊ तळाशी होती, पोट वर. ते ठिपके मला समोर दिसत होते, डाव्या कुशीला तीन आणि मध्ये एक लांबट. मी वही उघडली. नऊचं पान काढलं. पेनचं टोपण काढलं. मृत्यूच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि माझा हात पुढे जाईना. मी रडलेही नाही हो! नुसती बसून राहिले. मला तो शब्द आणखी एकदा लिहिता येईना, एवढंच. कोणाच्याही नावापुढे.

पण पेट्या मोजल्या की एक कमी भरणार. तिथे माझं जुनं डोकं चाललं. चार नंबरची एक मुलगी होती, एकतीस, पाच वर्षांची, धट्टीकट्टी, खाऊन-पिऊन सुखी. तिच्या पोटावरही डाव्या कुशीला तीन ठिपके. मी तिला उचलून नऊच्या पेटीत सोडलं. तिचा फोटो काढून नऊच्या पानावर चिकटवला, जुना फाडला. आणि एकतीसच्या पानावर लिहिलं, मृत. ते मला लिहिता आलं, कारण ती समोर पोहत होती. मरण कोणाच्या तरी नावावर टाकावंच लागतं, मी ते जी जिवंत होती तिच्या नावावर टाकलं. मेलेला जीव स्पिरिटमध्ये ठेवायचा नियम. मी नऊला पदराखाली घेऊन बंगल्यामागे लिंबाच्या झाडाखाली पुरलं. तुळजाबाईनं खुरपं आणून दिलं. उठताना फक्त म्हणाली, "चार दिसांनी लिवा, बाई. घाई न्हाई." मलाही तसंच वाटलं होतं. चार दिवसांनी लिहू. पुढच्या आठवड्यात लिहू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग रुपाली आली. संस्थापक थकले होते, त्यांनी तिला केंद्राची प्रमुख नेमलं. तिशीची पोर, परदेशातून शिकून आलेली, केस आखूड, चालणं भरभर. पहिल्याच दिवशी मला "काकू" म्हणाली. मी कोणाची काकू? पण पुढे सवय झाली, आणि खरं सांगायचं तर तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला की मला बरं वाटायचं. तिनं माझी वही कॉम्प्युटरमध्ये घातली आणि कॉम्प्युटरनं सांगितलं, नऊ नंबर. सगळ्यात मौल्यवान नऊ नंबर, तिची पोरं वाढवा. "काकू, नऊ म्हातारी असून अंडी काय घालते हो! हिचं रहस्य काय?" मी म्हटलं, "हवापालट." ती हसली. आणि नऊ समजून तिनं एकतीसच्या जोड्या लावल्या त्या चार नंबरच्या मुलांशी. कागदावर परके. प्रत्यक्षात सख्खा भाऊ आणि सख्खी बहीण. वधूवर मंडळात असते तर मला चपलेनं मारलं असतं. मी काय केलं? मी त्या जोड्या सुवाच्य अक्षरात वहीत लिहिल्या. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, मग त्यांची पोरं, मग पोरांची पोरं. दरवर्षी मी ठरवायची की यंदा सांगायचं, आणि दरवर्षी सांगायची गोष्ट एका पिढीनं मोठी झालेली असायची. गेल्या दोन वर्षांत पिल्लं शेपटीत बाक घेऊन यायला लागली. अंडी पांढरी पडायची. रुपालीनं पाणी तपासलं, फिल्टर बदलले, खाणं बदललं, टाकीतलं पाणी बंद करून बोअरचं आणलं, पुन्हा टाकीचं सुरू केलं. दुपारी डबा उघडायची आणि दोन घास खाऊन बंद करायची. "माझंच काहीतरी चुकतंय, काकू," म्हणायची. मी तिला लिंबाचं लोणचं वाढायची. देवा, काय माणूस आहे मी!

एक गोष्ट केली, तेवढीच. नऊची खरी दोन पोरं, चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस, ती मी सांभाळली. कॉम्प्युटरच्या लेखी नऊला साठ पोरं-नातवंडं, मग ही दोन म्हातारी कशाला हवीत? दरवर्षी नको असलेल्यांच्या, म्हणजे कॉलेजांना देऊन टाकायच्या यादीत त्यांचं नाव यायचं आणि दरवर्षी मी रुपालीशी भांडायची. "राहू दे गं, खातात ती किती? दोन गांडुळं!" ती म्हणायची, बरं बाई, तुमचे लाडके. एका कोपऱ्यातल्या पेटीत ती दोघं असायची. पंचेचाळीसची मान वळवायची पद्धत आईसारखी होती. जगात नऊचं जे काही उरलं होतं ते त्या पेटीत होतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. मनाशी म्हणायची, ही दोघं आहेत तोवर वेळ आहे. कधीही सांगितलं तरी चुकलेलं दुरुस्त होईल.

प्रेमलाताई भेटल्या त्या दिवशी बसमधून उतरून, तो काळा चष्मा काढून मी खोलीत शिरले तर कोपऱ्यातली पेटी जमिनीवर होती आणि तुळजाबाई ती राखेनं घासत होती. "ती दोन म्हातारी गेली की वाघोलीला," ती म्हणाली. "आट दिस झालं. तुमी डोळ्याला गेला त्याच दिशी. कालेजातली मान्सं आली व्हती." मी विचारलं, "तू बोलली नाहीस?" तुळजाबाईनं हात थांबवले. "म्या काय बोलू? तुमचं तुमाला ठावं. सा वर्सं झाली, बाई. म्या गप हाय ती तुमच्या तोंडाकडं बघून." एवढं बोलून ती पुन्हा घासायला लागली.

आतून रुपालीनं हाक मारली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा मी असा हसरा पाहिला नव्हता. "काकू, डोळा कसाय? या, या, बघा." टेबलावर यादी होती. वनखात्याची परवानगी आली होती. जूनमध्ये चाळीस जीव डोंगरात सोडायचे, मूळ तळ्याच्या जवळच एक नवं तळं राखलंय त्यात. "शेपट्या सरळ असलेले निवडून काढलेत. चाळीसपैकी तेहतीस नऊच्या वंशाचे आहेत! तुमच्या राणीचे." तिनं बोटानं नंबर दाखवले. माझ्या नव्या डोळ्याला एकेक आकडा लख्ख दिसत होता. ती तेहतीस म्हणजे बहीणभावांची पोरं, आतून किडकी, वरून सरळ. ती त्या तळ्यात जाणार, तिथे आपापसात लागणार, आणि पाच-सात वर्षांत ते तळं गप्प होणार. आणि ते का, हे कोणालाच कधी कळणार नाही. वनखात्याला वही पुरते, माझ्या वहीवर कोणी शंका घेत नाही. मी गप्प राहिले असते तर दोन वर्षांनी निवृत्त होऊन शाल-श्रीफळ घेतलं असतं. पण मला एकसारखा प्रेमलाताईंचा चेहरा दिसत होता, नाव काय ठेवलं म्हणून विचारणारा. मी आता नाव ठेवणार, मग बारसं, मग शाळा. मला कळेना की मी थांबणार कुठे.

"रुपाली, दार लाव," मी म्हटलं. तिनं लावलं. "नऊ नंबर जिवंत नाही." ती दचकली. "कधी? आत्ता? मी सकाळीच—" "सहा वर्षांपूर्वी," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. क्रमानं सांगितलं, तारखा, नंबर, कोणाच्या पानावर कोणाचा फोटो, कुठल्या झाडाखाली. चैतालीचंही सांगितलं, कारण त्याशिवाय ते सांगता येत नव्हतं, पण दोनच वाक्यांत. बचाव म्हणून सांगायचं नव्हतं. रुपाली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती यादीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी पाणी बदलत होते." मी मान हलवली. "तुम्ही बघत होतात." "हो." मग ती एकदम उभी राहिली. "चव्वेचाळीस-पंचेचाळीस!" आणि तिनं फ्रीजमधला बर्फ थर्मासमध्ये भरायला घेतला.

बावधन ते वाघोली म्हणजे हे टोक ते ते टोक. नगर रोडला गाड्या अशा लागल्या होत्या की पुढच्या टेम्पोवरचा मजकूर मला पाठ झाला. रुपालीनं कॉलेजला तीनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. बाहेर एप्रिलचं ऊन, डांबराचा वास. मी रुपालीच्या गाडीत, तिच्या शेजारी, मांडीवर रिकामी पेटी आणि थर्मास घेऊन बसले होते. असंच मी विमानातही बसले होते, मांडीवर डबा घेऊन. चैतालीला पथ्याची मुगाची खिचडी आवडते म्हणून पहाटे उठून केली होती. ताप उतरलाय, प्लेटलेट चढतायत, असं जावई आदल्या संध्याकाळी म्हणाला होता. मी पोचले तेव्हा ती मला ओळखत नव्हती. दुपारी गेली. तो डबा मी तसाच परत आणला. विमानतळावर सामान तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, मुलीसाठी खिचडी. "तुम्हाला मुलगी होती हेही मला माहीत नव्हतं," रुपाली पुढे बघत म्हणाली. पाच वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खात होतो. "कधी बोलला नाहीत." मी म्हटलं, "बोलले असते तर ती गेलेली आहे हे सांगावं लागलं असतं." सिग्नल सुटला.

कॉलेजातले केदार सर भले गृहस्थ होते. प्राणिशास्त्राचे, कपाळावर घाम, शर्टाच्या खिशात तीन पेनं. आम्हाला बघून गडबडले. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. आत शिरताच अंगावर वाफ आली. "पंखा चोवीस तास चालू ठेवला होता हो मॅडम," ते म्हणाले, "शिवाय रोज बर्फ. मुलांनी वर्गणी काढून कूलरही आणला काल. पण..." ते थांबले. "त्यातली एक वारली. शनिवारी. खातच नव्हती." मी त्यांच्याकडे बघितलं. परका माणूस, आठ दिवसांची ओळख, आणि पाण्यातल्या एका जिवाला त्यांनी वारली म्हटलं, किती सहज, किती नीट. कपाटात बरणी होती. पंचेचाळीस. पोट काचेकडे, ठिपके फिकट झालेले. बरणीवर चिठ्ठी होती, 'न्यूट, मादी, भेट'. आणि खिडकीपासून लांब, एका टबात, ओल्या गोणपाटाखाली चव्वेचाळीस होता. डोळे उघडे. रुपालीनं गोणपाट उचललं तसा तो हळूच मागे सरकला. मी जमिनीवर बसले आणि रडले. पहिल्यांदाच, सहा वर्षांत, लोकांदेखत, हुंदके देऊन. केदार सर "अहो बाई, अहो बाई" करत पाण्याचा ग्लास घेऊन उभे राहिले. मादी राहिली असती तर तिची अंडी मिळाली असती, दोघांची दोन वेगळी घरं मांडता आली असती. आता नुसता एक म्हातारा नर. नऊमधलं अर्धं त्याच्याकडे आलंय, तेवढंच. उरलेल्यातलं जे काही बहिणीकडे गेलं होतं ते शनिवारी त्या पत्र्याखाली संपलं. मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलं असतं, गेल्या महिन्यात सांगितलं असतं, तर संपलं नसतं. यात नशीब वगैरे काही नाही, हे मी केलं.

परत आलो तेव्हा चार वाजले होते. चव्वेचाळीसला थंड खोलीत, त्याच्या आईच्या जुन्या पेटीत ठेवलं. एकतीसला शेजारच्या पेटीत हलवलं, सहा वर्षं नऊ म्हणून जगलेली, तिला काय कळतंय. रुपालीनं वही माझ्यापुढे टाकली. "चाळीस रद्द. मी वनखात्याला पत्र लिहिते." "मला काढून टाक," मी म्हटलं. "काढणारच आहे," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "पण आधी साठांची पानं नीट करून द्या. तुमच्याशिवाय पोटं ओळखता येतात कोणाला इथे? आणि याच्यासाठी मादी शोधा. खरी वही वाचून." मग दार आपटून गेली. मी नऊचं पान काढलं. मृत्यूच्या रकान्यात तारीख लिहिली, खरी. कारण: माहीत नाही. एकतीसच्या पानावरचा 'मृत' शब्द एका रेघेनं खोडला, खाली सही केली. मग पंचेचाळीस. कारणाच्या रकान्यात मी उष्णता लिहिलं, थोडा वेळ बघितलं, आणि पुढे लिहिलं, 'चुकीची नोंद'. अक्षर चांगलं आलं होतं.

गुरुवारी सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. प्रेमलाताई स्टँडवर आधीच येऊन बसल्या होत्या, गुडघ्यावर एक पिशवी. मला बघून लांबूनच हात केला. जवळ गेल्यावर पिशवीतून टोपडं काढलं, पिवळ्या लोकरीचं, कानांवर गोंडे. "मीच विणलंय. दोन रात्री बसले. मापाचा अंदाज नव्हता, मोठंच केलंय, पोरं काय भराभरा वाढतात. आता नाव सांगा." त्यांचे डोळे चैतालीसाठी हसत होते, खरचटलेल्या गुडघ्यांनी त्यांच्या दारात जाऊन लाडू मागणारी चैताली त्यांना दिसत असणार, त्यांच्याकडे ती अजून तेवढीच होती. मी त्यांच्या शेजारी बसले. "प्रेमलाताई," मी म्हटलं, "मूल नाही. मी खोटं बोलले. चैताली वारली. सहा वर्षं झाली, सप्टेंबरच्या अकराला." त्यांनी अगंबाई म्हटलं नाही. माझा हात धरला नाही. टोपडं मांडीवर ठेवून त्याचे गोंडे नीट करत राहिल्या, एक मग दुसरा, आणि मग अगदी हळू विचारलं, "काय झालं होतं हो तिला?" मी सांगायला लागले. पहिल्या दिवसापासून, ताप आला तिथपासून. माझी बस आली, मग त्यांची आली. आम्ही दोन्ही जाऊ दिल्या.